वाळूच्या देशातला ऑइल चेंबर

मोटारीच्या इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेले जे भांडे असते, त्याला पुस्तकात ऑइल पॅन किंवा सम्प म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या गॅरेजात चेंबर. वंगणाचे तेल त्यात साठते, तिथून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांपर्यंत जाते आणि ओघळून पुन्हा तिथेच येते. आजच्या गाडीचा चेंबर बहुधा तिच्या सबंध आयुष्यात एकदाही उतरत नाही. १९२० ते १९५० या काळातल्या गाड्यांचे तसे नव्हते. बहुतेक इंजिनांत तेलाला धड गाळणी नव्हती, आणि मळ तरंगत ठेवणारी रसायने तेलात अजून सर्रास मिसळली जात नव्हती. काजळी, धातूचा चुरा, बाहेरून आलेली धूळ असे जे जे जड, ते सारे चेंबरच्या तळाशी बसे आणि त्याचा काळा, चिकट थर होई. म्हणून ठरावीक अंतर चालल्यावर चेंबर उतरवायचा, रॉकेलने धुवायचा आणि नवे पॅकिंग घालून परत चढवायचा, हे देखभालीचे नेहमीचेच काम होते. सौदी अरेबियात त्याला आणखी निकड आली, कारण तिथे धुळीच्या जागी वाळू होती. मऊ व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये वाळूचा कण रुतला की तो तिथेच राहतो आणि फिरत्या पोलादी शाफ्टला घासत राहतो. त्या देशात मोटार टिकली की नाही याचे उत्तर बरेचसे या भांड्याच्या तळाशी होते.

अरबस्तानाच्या पश्चिम किनाऱ्यावर लढाऊ मोटारी प्रथम उतरल्या त्या पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये तांबड्या समुद्रावरच्या वज्ह बंदरात ब्रिटिशांनी रोल्स-रॉइसच्या चिलखती गाड्या आणल्या. त्या आधी पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर होत्या. पुढे त्या तुकडीचा तळ अकाबाला हलला आणि हिजाझ रेल्वेवरच्या हल्ल्यांत तिने भाग घेतला. सिल्व्हर घोस्ट जातीच्या या गाड्यांत तेल पंपाच्या दाबाने बेअरिंगांपर्यंत पोचत असे, ही त्या काळी मोठीच गोष्ट. क्रँककेस मात्र ॲल्युमिनियमची. दगड लागला तर पत्रा पोचतो, ॲल्युमिनियम तडकते. चिलखताच्या वजनाने स्प्रिंगा दबलेल्या असताना खडकाळ वाटेवर ही भीती कायमची होती. गाड्यांबरोबर प्रशिक्षित फिटर होते, सुटे भाग जहाजाने येत होते, त्यामुळे दुरुस्ती सैन्याच्या शिस्तीने होत राहिली. युद्ध संपले, सैन्य गेले आणि ती विद्या त्याच्याबरोबर गेली. हिजाझमध्ये मागे राहिलेल्या मोटारी थोड्या होत्या, आणि त्या दुरुस्त करू शकणारे हात त्याहून थोडे.

डिसेंबर १९२५ मध्ये जिद्दा शहर पुढे सौदी अरेबियाचे राजे झालेल्या अब्दुलअझीझ इब्न सौद यांच्या ताब्यात आले आणि चित्र झपाट्याने पालटले. जिद्दा ते मक्का हे साधारण ७५ किलोमीटरचे अंतर उंटांचा तांडा मुक्काम करत करत कापत असे. मोटारीला काही तास पुरत. हाजींची वाहतूक मोटारींकडे वळू लागली आणि उंटवाल्यांच्या पिढीजात धंद्यावर गदा आली. इब्न सौद यांच्याच लढवय्या इख्वान पंथीयांना मोटार, तार, टेलिफोन हे सारे धर्माला न मानवणारे नवे चाळे वाटत होते. मार्च १९२९ मध्ये सबिल्लाच्या लढाईत त्यांचा मोड झाला आणि त्यानंतरच्या मोहिमेत मशीनगन लावलेल्या मोटारींनी त्यांचा पाठलाग केला. १९३४ च्या येमेनविरुद्धच्या युद्धातही सौदी फौजा ट्रकांवरून सरकल्या. नव्या राज्याचा विस्तार आणि कारभार अशा रीतीने मोटारीच्या इंजिनावर अवलंबून राहिला. राज्याच्या इतिहासात तलवारीला आणि तेलविहिरीला मानाची जागा मिळते. गाडीखाली उताणे पडून पाना फिरवणाऱ्यांनाही ती मिळायला हवी.

या मोटारींतल्या बऱ्याच फोर्ड होत्या. ब्रिटिश नोकरी सोडून १९२६ मध्ये जिद्दाला स्थायिक झालेले हॅरी सेंट जॉन फिल्बी यांच्या शर्किया या कंपनीकडे फोर्डची एजन्सी होती. फिल्बींचे नाव रुब अल् खाली वाळवंटातल्या १९३२ मधल्या उंटावरच्या सफरीसाठी घेतले जाते, पण १९३६ मध्ये नजरानच्या बाजूने शबवाकडे आणि पुढे दक्षिण किनाऱ्यापर्यंत ते मोटारीने गेले होते.

फोर्डची टी मॉडेल ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात बनली. जमिनीपासून उंच, हलकी आणि साधी असल्याने ती वाळवंटाला मानवली. तिच्या इंजिनात तेलाचा पंपच नव्हता. इंजिन आणि गिअर एकाच तेलात चालत, फ्लायव्हील तेल उडवी, एका बारीक नळीतून ते पुढच्या टोकाला जाई आणि परत येताना चेंबरमधल्या खोलगट पन्हळींत साठे. फिरणारे कनेक्टिंग रॉड त्यात बुडून तेल शिंपडत. तेल किती आहे हे पाहायला दांडी नव्हती. मागे खालच्या बाजूला दोन छोटे नळ होते, गाडीखाली वाकून ते उघडायचे. वरच्यातून तेल आले नाही आणि खालच्यातून आले की पातळी दोहोंच्या मध्ये आहे असे समजायचे. लांब चढावर तेल मागे सरके आणि पहिला सिलिंडर कोरडा पडे. गिअरचे पट्टे सुती अस्तराचे असत. त्यांचे तंतू सुटून तेलात मिसळत आणि त्या एकुलत्या एका नळीत अडकत. टी मॉडेलचा सबंध चेंबर काढायचा तर इंजिनच बाहेर काढावे लागे, कारण इंजिन ज्या हातांवर चॅसीत टेकलेले असे, ते हात चेंबरलाच जोडलेले होते. फोर्डने त्यावर तोडगा ठेवला होता. चेंबरच्या पोटाला बोल्टांनी बसवलेले एक झाकण असे. ते काढले की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांपर्यंत हात पोचे. वाळवंटात ही सोय म्हणजे गाडीचा जीवच होता.

डिसेंबर १९२७ मध्ये बाजारात आलेल्या ए मॉडेलने हे काम बरेच सरळ केले. तेलाचा पंप आला, चेंबर इंजिन जागेवर ठेवून उतरू लागला. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत आजही हेच मॉडेल पहिला धडा म्हणून गिरवले जाते, म्हणून त्याची रीत नीट सांगण्यासारखी आहे. इंजिन थोडे फिरवून तेल कोमट करायचे, म्हणजे ते पातळ होऊन गाळासकट वाहते. मग ड्रेन नट काढून सुमारे पावणेपाच लिटर तेल खाली घ्यायचे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना चिखल अडवणारे पत्रे असतात, ते आधी सोडवायचे. चेंबरचे वीस बोल्ट एकदम न काढता सगळीकडून थोडेथोडे सैल करायचे आणि कोपऱ्यातले दोन शेवटपर्यंत ठेवायचे, नाहीतर जुन्या पॅकिंगला चिकटलेला चेंबर एका बाजूने सुटतो, पत्रा वाकतो आणि पुन्हा कधी नीट बसत नाही. पॅकिंग सुटत नसेल तर पातळ पट्टी सरकवायची. पेचकस घालून उचकटले की कड पोचलीच. आणखी एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. या इंजिनात तेलाचा पंप चेंबरमधल्या स्प्रिंगच्या आधाराने वर तोललेला असतो. चेंबर उतरला की पंपही घरंगळून खाली येतो. जाणता मेकॅनिक आधी इंजिनाच्या कुशीतला छोटा प्लग काढून तिथे लांब बोल्ट पिळतो आणि पंप जागच्या जागी धरून ठेवतो.

चेंबर खाली आला की आत पन्हळींचा एक पत्रा दिसतो. तो वरून स्वच्छ दिसला म्हणून काम संपत नाही. गाळ त्याच्या खाली असतो. तो पत्रा काढून खालचा थर खरवडायचा आणि बोटांनी चोळून पाहायचा. काळा आणि गुळगुळीत असेल तर काजळी. करकरीत लागला तर वाळू, आणि ती आली कुठून याचा शोध घ्यायचा. बहुधा ती तेल ओतायच्या तोंडातून किंवा हवा सोडणाऱ्या ब्रीदरमधून येत असे. या गाडीच्या कार्ब्युरेटरला हवेची गाळणी नव्हती, तीही एक वाट होती. चंदेरी कण चमकले तर बेअरिंगचे व्हाइट मेटल झिजते आहे. चेंबर उघडा असतानाच रॉड हाताने हलवून खेळ पाहत आणि बेअरिंगच्या टोपीखालची पातळ शिम काढून ते घट्ट करत. फारच झिजलेले असेल तर धातू वितळवून नवे बेअरिंग ओतावे लागे. ते काम रस्त्यावर होणारे नव्हते.

वाळूवर हे सगळे करणे ही वेगळीच कसोटी. जॅक वाळूत रुततो, म्हणून त्याखाली फळी लागते. गाडी उचलण्यापेक्षा तिच्याखाली चर खणणे अनेकदा सोपे पडते. वारा सुटला की उघड्या इंजिनाखाली कापड धरावे लागते, कारण जी वाळू काढण्यासाठी चेंबर उतरवला तीच पुन्हा आत जाण्याचा धोका असतो. तेलही वाया घालवता येत नसे. गाळ बसू देऊन वरचे निथळ तेल फडक्यातून गाळून परत ओतणे हे तिथल्या टंचाईत साहजिकच होते.

टंचाई खरीच होती. जागतिक मंदीने हाजींची संख्या कोसळली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रापलीकडून वर्षाला लाखभर यात्रेकरू येत, ते १९३३ पर्यंत सुमारे २०,००० वर आले. राज्याचे मुख्य उत्पन्न हाजींकडूनच येत होते. मोटारींचे आणि पेट्रोलचे पैसे थकले. नवे भाग मिळेनात, तेव्हा बंद पडलेल्या एका गाडीचा चेंबर, रॉड, पंप दुसरीला लावून दुसरी चालती ठेवायची, हाच मार्ग उरला.

२९ मे १९३३ रोजी जिद्दात एका अमेरिकन कंपनीशी तेलशोधाचा करार झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिले अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ पूर्व किनाऱ्यावर जुबैलला उतरले. त्यांच्याही गाड्या फोर्डच होत्या, सोबत उंट होते. त्यांना आढळले की पूर्वेकडचा शत्रू निराळा आहे. किनाऱ्यालगत सबखा नावाची खारी दलदल पसरली आहे. वरून कोरडी, कठीण दिसणारी तिची साय फुटली की चाक खाली जाते आणि चेंबर जमिनीला टेकतो. खाऱ्या चिखलाने पत्रा गंजतो, ड्रेन नट पकडतो. मऊ वाळूत एकाच्या मागे एक गाड्या गेल्या की चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा चेंबरला घासू लागतो. त्यावर कंपनीने रुंद, कमी हवेचे टायर वापरले. पुढे चारही चाकांना जोर देणाऱ्या मार्मन-हेरिंग्टन गाड्या आणल्या. मार्च १९३८ मध्ये दम्माम क्रमांक ७ ही विहीर लागली, आणि धाहरानच्या तळावरचे गॅरेज वाढत गेले. तेलाने भिजवून दाबलेले मातीचे रस्ते या भागात झाले, त्यांनी चेंबरांचे आयुष्य जेवढे वाढवले तेवढे कुठल्याही कारागिरीने वाढवले नसेल.

धाहरानचे गॅरेज हेच पूर्व अरेबियातले पहिले मोठे मोटार-विद्यालय म्हणायला हवे. मध्य अरबस्तानातल्या नज्दच्या वाड्यावस्त्यांतून आलेली मुले तिथे मदतनीस म्हणून लागली आणि पाने, जॅक, ग्रीसगन यांच्याशी त्यांची ओळख झाली. उनैझा गावचे सुलेमान ओलायान १९३७ मध्ये कंपनीत ट्रकांच्या रवानगीचे काम पाहू लागले. १९४७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ट्रान्स-अरेबियन पाइपलाइनच्या कामात वाहतुकीचा ठेका घेतला. कैसूमापासून लेबनॉनच्या सैदा बंदरापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटरची ही लाइन १९५० मध्ये पुरी झाली. देशातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाची सुरुवात ट्रक चालते ठेवण्याच्या या धंद्यातून झाली. १९४४ मध्ये कंपनीला अरामको हे नाव मिळाले. रास तनुराच्या रिफायनरीच्या बांधणीसाठी इरिट्रियातून इटालियन कारागीर आले. भारतीय कारकून आणि कारागीरही अरामकोच्या नोकरीत होते.

याच सुमारास देशातली सर्वांत नावाजलेली मोटार आली. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी इजिप्तमधल्या फयूम इथे चर्चिल आणि राजे अब्दुलअझीझ यांची भेट झाली. राजांनी दिलेल्या नजराण्यांच्या मानाने आपली भेट फार किरकोळ ठरली हे पाहून चर्चिल यांनी जगातली उत्तम मोटार पाठवण्याचे वचन दिले. त्याप्रमाणे हूपर कंपनीची बॉडी असलेली रोल्स-रॉइस फँटम थ्री १९४६ मध्ये पोचली. स्टिअरिंग उजवीकडे होते. राजांना चालकाशेजारी बसायची सवय. तसे बसले तर ते चालकाच्या डावीकडे येत, आणि डावी बाजू त्यांना मानाची वाटत नव्हती. त्यांनी गाडी भाऊ अब्दुल्ला यांना देऊन टाकली. हा किस्सा सर्वत्र सांगितला जातो. इंजिनाकडे मात्र कुणी पाहत नाही, आणि या इतिहासात तेच महत्त्वाचे आहे. फँटम थ्रीचे बारा सिलिंडरचे, ७.३ लिटरचे इंजिन १९३६ ते १९३९ या काळात बनले. सुरुवातीच्या इंजिनांत व्हॉल्व्हचे टॅपेट तेलाच्या दाबावर चालत. त्यांच्या बारीक छिद्रांना अगदी स्वच्छ तेल हवे असे. थोडा गाळ गेला तरी ते अडकत आणि कॅमशाफ्ट झिजे. इंग्लंडातल्या गुळगुळीत रस्त्यांवरही हा त्रास इतका झाला की १९३८ मध्ये कंपनीने साधे टॅपेट बसवायला सुरुवात केली. वाळूच्या देशाला इतकी नाजूक तेलव्यवस्था मानवणारी नव्हतीच. पाच लिटर गढूळ तेलावरही निभावून नेणारी फोर्ड तिथे का रुजली हे या तुलनेत कळते.

१९५० नंतर चेंबर उतरवण्याचे काम हळूहळू विरळ झाले. मळ तरंगत ठेवणारे डिटर्जंट तेल सर्रास झाले. तेल बदलले की गाळ त्याच्याबरोबर निघून जाऊ लागला. सगळे तेल गाळून पुढे सोडणारे फिल्टर रुळले, कार्ब्युरेटरवर तेलात भिजणारी हवेची गाळणी रुळली, व्हाइट मेटल ओतण्याऐवजी तयार बेअरिंगच्या वाट्या सर्रास मिळू लागल्या. इंजिन ऑइल मात्र दीर्घकाळ परदेशातून डब्यांत येई. जिद्दात सरकारी पेट्रोमिन आणि मोबिल यांच्या भागीदारीतली वंगणाची कंपनी १९६८ मध्ये निघाली. गाड्यांचे रूपही बदलले. १९५५ मध्ये अब्दुल लतीफ जमील यांनी टोयोटाची एजन्सी घेतली आणि वाळवंट लँड क्रूझरकडे गेले. शहरांत लांबरुंद अमेरिकन गाड्यांचे राज्य आले, त्यांतल्या शेव्हर्ले कॅप्रिसचे कौतुक अजून ओसरलेले नाही.

या अमेरिकन गाड्यांचा चेंबर ए मॉडेलइतका भोळा नाही. खाली आडवा बीम आणि स्टिअरिंगचे दांडे आडवे येतात. बोल्ट सगळे निघाले तरी चेंबर बाहेर येत नाही. इंजिनाचे माउंटिंग सोडून, पंख्याभोवतीचे आवरण काढून, जॅकने इंजिन चार बोटे वर घ्यावे लागते. तरीही अडला तर क्रँकशाफ्ट फिरवून त्याची वजने वर आणायची, मग तो मागे तिरका करून निघतो. पॅकिंग कॉर्कच्या पट्ट्यांचे आणि टोकांना रबराचे असे अनेक तुकड्यांचे असे; जोडावरूनच तेल झिरपायचे.

ऑक्टोबर १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, गाड्यांची संख्या फुगली आणि दुरुस्तीचे काम बाहेरच्या हातांत गेले. येमेनी, पाकिस्तानी, फिलिपिनो आणि भारतीय कारागीर शहराबाहेरच्या गॅरेजवस्त्यांत जमले. या वस्त्यांना तिथले भारतीय सनाया म्हणतात. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्यांत मेकॅनिक, वेल्डर, डेंटर पुष्कळ होते. मुंबईतल्या एजंटाकडे ट्रेड टेस्ट द्यायची, म्हणजे परीक्षकासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचे, आणि मग व्हिसा, हा त्यांचा मार्ग. मुंबईच्या गॅरेजांनी त्यांना एक गोष्ट चांगली शिकवली होती, ती म्हणजे फेकून न देणे. फुटलेला चेंबर भारतात गॅसने झाळला जाई, पोचा ठोकून काढला जाई, गेलेला आटा पुन्हा पाडला जाई. सौदीत नवा चेंबर परवडत होता, म्हणून ही कारागिरी बराच काळ तिथे लागली नाही. तशलीह नावाच्या भंगारबाजारांत जुन्या गाड्यांचे सांगाडे उन्हात पडून राहिले.

त्या सांगाड्यांना आता भाव आला आहे. कसीम प्रांतात क्लासिक मोटारींची प्रदर्शने भरतात, रियाधमध्ये लिलावही झाला आहे आणि राजे अब्दुलअझीझ यांच्या मोटारी मुरब्बा राजवाड्याच्या परिसरात जपून ठेवल्या आहेत. जीर्णोद्धार करणाऱ्यांना नज्दच्या पठारावरची गाडी हवी असते. तिथली हवा इतकी कोरडी की सत्तर वर्षे उघड्यावर पडलेल्या गाडीचाही चेंबर शाबूत निघतो, पत्रा जाड, बोल्ट सुटे. जिद्दा-दम्मामच्या किनारी गाडीचा चेंबर खालून जाळी झालेला सापडतो, कोकणातल्या मेकॅनिकला हे दृश्य नवे नाही. कोरडेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कॉर्कचे पॅकिंग आकसून ठिसूळ होते, रबर दगडासारखे होते. आतले जुने तेल सुकून डांबरासारखा थर बसलेला असतो. अशा गाडीत नवे डिटर्जंट तेल ओतून थेट इंजिन चालू करणे ही सर्वांत मोठी चूक. ते तेल जुना थर सोडवते, त्याचे तुकडे पंपाच्या जाळीवर जमतात आणि बेअरिंगला तेल मिळेनासे होते. म्हणून कसीमच्या शेडमध्ये असो वा पुण्याच्या, बऱ्याच वर्षांनी जागी होणाऱ्या गाडीचे पहिले काम तेच राहिले आहे. चेंबर उतरवायचा, गाळ खरवडून काढायचा, जाळी धुवायची, बसण्याची कड सपाट आहे का ते काचेवर ठेवून पाहायचे, कॉर्क बसवण्याआधी थोडा वेळ पाण्यात भिजवून लवचीक करायचा, बोल्ट मधून कडेकडे दोनदा फिरून हलक्या हाताने आवळायचे. जोरात आवळले की कॉर्क चिरडतो आणि तेल गळू लागते. मग तेल भरायचे, प्लग काढून हँडलने इंजिन फिरवत राहायचे, आणि बेअरिंगांपर्यंत तेल पोचल्याची खात्री झाल्यावरच स्पार्क द्यायचा.